ऑटोमॅटिक फोर बाय फोरला जादा ऑईल कूलर बसवायचा आहे, पण रेडिएटरची लाइन बंद करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी गारगोटीकडची, डिझेल ऑटोमॅटिक फोर बाय फोर, 60 हजार किलोमीटर चाललेली. गेल्या पावसाळ्यात पाणंदीत रुतलेली मित्राची गाडी ओढताना गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला. पुढे घाटात माणसं-सामान भरलेलं असताना तो पुन्हा एकदा लागला. आता तुमचा फिटर म्हणतोय की मिळेल तो मोठ्यात मोठा कूलर आणा, रेडिएटरमधून जाणारी कंपनीची लाइन कायमची बंद करा आणि गिअरबॉक्सचं सगळं ऑईल नव्या कूलरमधूनच फिरवा. हे करावं का?

कूलर बसवायला माझी हरकत नाही. पण रेडिएटरची लाइन बंद करू नका, मोठ्यात मोठ्या कूलरच्या मागे लागू नका, आणि पाना हातात घेण्याआधी दोन आठवडे तापमान मोजा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली बावीस वर्षं मी गिअरबॉक्सचंच काम करतोय. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं ऑटोमॅटिकची. उघडलेल्या खोक्यांत जे बघितलंय त्यावरून सांगतो.

आधी ही उष्णता येते कुठून ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. तुमच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. दोन पंखे समोरासमोर, मध्ये ऑईल. इंजिनाकडचा पंखा ऑईल फेकतो आणि त्या जोरावर गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. हायवेवर एका लयीत चाललात की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना बांधून टाकतो. मग घसरण नाही आणि उष्णताही फारशी नाही. पण चिखलात, चढावर, उसाच्या ट्रॉलीमागे रांगत घाट चढताना लॉक-अप सुटलेला असतो. इंजिनाकडचा पंखा जोरात आणि दुसरा सावकाश फिरतो. त्या दोघांतला फरक सगळा ऑईल घुसळण्यात जातो आणि उष्णता होऊन बाहेर पडतो.

किती उष्णता? गाडी पूर्ण रुतलीय, चाक जागचं हलत नाही, आणि तुम्ही रेस दाबून धरलीय असं समजा. इंजिन 30 किलोवॅट शक्ती कन्व्हर्टरला देत असेल तर ती सगळीच्या सगळी उष्णता होते. घरचा गिझर 2 किलोवॅटचा असतो. म्हणजे आठ-नऊ लिटर ऑईलमध्ये एकदम पंधरा गिझर लावल्यासारखं झालं. आजूबाजूचं लोखंड-अ‍ॅल्युमिनियम थोडी उष्णता पिऊन घेतं हे सोडलं, तर हिशेबाने ऑईल सेकंदाला दोन अंशांच्या आसपास चढतं. अर्धं मिनिट रेस धरली तर काय होईल ते तुम्हीच बघा. बाजारात मिळणारा कुठलाही कूलर हा मारा पेलत नाही. तो झालेली उष्णता हळूहळू बाहेर काढतो, एवढंच त्याचं काम. मित्राची गाडी ओढताना जे झालं ते कूलर असतानाही झालंच असतं, फार तर थोडं उशिरा.

म्हणून ओढताना आणि चिखलात लो रेंज लावा. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, त्यातला लो गिअर गाडीनुसार साधारण दोन ते अडीच पट फेरे कमी करतो, त्यामुळे तेवढंच काम कन्व्हर्टरला कमी ताणात करता येतं आणि घसरण कमी होते. "फोर हायमध्येच ओढली, निघाली की" असं लोक सांगतात. निघाली हे खरं, पण त्याची किंमत ऑईलने दिलेली असते. चढावर गाडी ब्रेकऐवजी रेसवर तोलून धरायची सवय असेल तर तीही सोडा. आणि दिवा लागलाच तर इंजिन लगेच बंद करू नका. ऑईलचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन थांबलं की ऑईल फिरायचं थांबतं आणि कन्व्हर्टरमधलं सगळ्यात तापलेलं ऑईल तिथेच भाजत बसतं. सपाट जागा बघून गाडी पार्कमध्ये घाला, हँडब्रेक लावा, इंजिन बाराशे ते पंधराशे फेऱ्यांवर पाच-दहा मिनिटं चालू द्या.

तुमच्या गाडीत उष्णता वाढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी दिसतात. मूळ 31 इंचांच्या चाकांऐवजी तुम्ही 33 इंची लावलीत. म्हणजे प्रत्येक गिअर सहा टक्क्यांहून जास्त उंच झाला, शिवाय चाकाचं वजन वाढलं ते वेगळंच. दुसरी गोष्ट पुढचा लोखंडी बंपर, त्यावरची विंच आणि लाइट बार. ही सगळी मंडळी ग्रिलच्या तोंडावर उभी आहेत आणि रेडिएटरची हवा अडवतात. असल्या बंपरांवर कारवाई करा असं केंद्राने राज्यांना 2017 च्या डिसेंबरातच कळवलंय, तेव्हा तो काढलात तर दोन्ही प्रश्न सुटतील. निदान लाइट बार तरी टपावर न्या.

आता जाळीकडे, म्हणजे रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर यांच्या पात्यांकडे या. मागच्या वर्षी राधानगरीकडची एक गाडी याच तक्रारीने आली होती. मालक नवा कूलर घेऊनच आला होता. ग्रिल काढून बघितलं तर कंडेन्सर वरून ठीक दिसत होता. पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत तांबडी माती, गवताचं बी आणि उसाचं पाचट असं दाबून बसलं होतं की जुन्या गोधडीसारखा त्याचा एकसंध थर निघाला. वरचे बोल्ट सोडून दोन्ही वेगळे केले आणि इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाने पाणी मारलं. पहिली दहा मिनिटं पाणी चहाच्या रंगाचं येत होतं. कूलर न बसवता ती गाडी परत गेली आणि घाटातलं तापमान पंधरा अंशांनी उतरलं. हे काम आधी करून घ्या. प्रेशर वॉशरची नळी जवळून मारू नका, जाळीची पाती आडवी होतात आणि मग हवा कायमची अडते.

मग मोजणी. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा, स्कॅनर लावून गिअरबॉक्स ऑईलचं तापमान बघा. स्वस्तातल्या प्रत्येक स्कॅनरला हा आकडा वाचता येत नाही, म्हणून विकत घेण्याआधी स्वतःच्या गाडीवर लावून खात्री करा. गावात, हायवेवर, गगनबावड्याच्या चढाला आणि तुमच्या पाणंदीत, असे चार ठिकाणचे आकडे वहीत लिहा. साधारण 80 ते 95 अंश म्हणजे तब्येत उत्तम. घाटात 105-110 पर्यंत जाऊन सपाटीवर लवकर खाली आलं तरी मी घाबरत नाही. 120 च्या वर गेलं की थांबायचं. त्या पुढे ऑईल भराभर जुनं होतं. दर दहा अंशांना ऑईलचं आयुष्य निम्मं होतं असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे आणि उघडलेले गिअरबॉक्स बघता तो मला पटतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

ऑईलही बघा. थोडं पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर किंवा फिकट तपकिरी असेल आणि कडेला स्वच्छ पसरत असेल तर चालेल. गडद, करपलेल्या वासाचं, मध्ये काळे कण राहणारं असेल तर आतल्या क्लच प्लेटा झिजायला लागल्यात. तिथे कूलर हा इलाज नव्हे. आधी ऑईल-फिल्टर बदलून, चेंबरमधल्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघून मग पुढचं ठरवायचं. आणि ऑईल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी चालवूच नका, टो करून न्या. रेडिएटरच्या आत कुलंट आणि गिअर ऑईल एकत्र झालंय असा त्याचा अर्थ. कुलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर सोडवतं.

हीच भीती दाखवून तुमचा फिटर रेडिएटरची लाइन बंद करायला सांगत असावा. भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय म्हणजे जुना रेडिएटर वेळेत बदलणं. लाइन बंद केल्याने तुम्ही काय गमावता ते बघा. तुम्ही ताशी पाच किलोमीटरने दगडांतून चाललाय. समोरून वारा नाही. अशा वेळी हवेचा कूलर जवळजवळ मुका असतो. पण रेडिएटरमधलं पाणी पंपाने फिरत असतं, मागे पंखा ओढत असतो, आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी पटींनी जोरात उष्णता उचलतं. म्हणजे ऑफ-रोडमध्ये, जिथे तुम्हाला गरज आहे नेमकं तिथेच, कंपनीचा पाण्याचा कूलर जास्त भरवशाचा असतो. दुसरं असं की थंडीतल्या पहाटे हाच कूलर ऑईल लवकर गरमही करतो. ऑईल गार असेपर्यंत बऱ्याच गाड्या लॉक-अप लावत नाहीत, मग डिझेलही जास्त जातं आणि घसरणही होते.

तेव्हा जोडणी अशी करा: गिअरबॉक्समधून निघालेलं गरम ऑईल आधी रेडिएटरच्या कूलरमध्ये, तिथून बाहेर पडलं की नव्या हवेच्या कूलरमध्ये, आणि तिथून परत गिअरबॉक्सला. क्रम उलटा झाला तर हवेने गार केलेलं ऑईल 90 अंशांच्या पाण्यातून जाऊन पुन्हा गरम होऊन परतेल. काही नव्या गाड्यांत रेडिएटरऐवजी गिअरबॉक्सलाच चिकटून पाण्याचा छोटा कूलर असतो, त्यात थर्मोस्टॅट असतो. तुमची गाडी तशी असेल तर लाइन कुठे तोडायची हे बदलतं. खालून एक फोटो काढून पाठवा, त्याशिवाय मी नक्की सांगणार नाही. परतीची नळी कोणती हे अंदाजाने ठरवू नका. गाडी चालवून आणल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या दोन्ही जोडांवर बघा, कमी तापमानाची ती परतीची.

आत्तापर्यंतचं एवढं लक्षात ठेवा: सवय, जाळी आणि मोजणी आधी. त्यानंतरही घाटात आकडा 115-120 कडे जात असेल तर कूलर, आणि तो रेडिएटरच्या पुढच्या टप्प्यावर, त्याच्या जागी नाही.

कूलर कुठला? मी स्टॅक्ड प्लेटचा घेतो, म्हणजे पातळ चपट्या थाळ्या एकावर एक रचलेला. नळीला पत्र्याच्या पट्ट्या ओवलेला जो स्वस्त प्रकार असतो, त्यापेक्षा तो त्याच आकारात बरंच जास्त काम करतो आणि दगडाचा मारही जास्त सोसतो. आकार निवडताना कंडेन्सरच्या तोंडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त झाकणार नाही एवढाच घ्या. मोठा कूलर लावला की त्यातून निघालेली गरम हवा एसीच्या आणि इंजिनाच्या रेडिएटरवर जाते. गिअरबॉक्स गार झाला पण एप्रिलमध्ये इंजिनाचा काटा चढायला लागला, असं मी बघितलंय. नेहमीच्या वापरात ऑईल 70 च्या वर जातच नसेल तर कूलर गरजेपेक्षा मोठा झाला. त्यासाठी मध्ये थर्मोस्टॅटिक बायपास, म्हणजे गार ऑईल कूलरला वळसा घालून परस्पर परत पाठवणारा व्हॉल्व्ह, टाकता येतो. कोल्हापूरच्या हवेत मध्यम कूलरला तो सहसा लागत नाही, पण तुम्ही थंडीत उत्तरेकडे फिरायला जात असाल तर टाकून घ्या. भंगारातून काढलेला जुना कूलर फुकट मिळाला तरी नको. आधीच्या गिअरबॉक्सचा चुरा त्याच्या आत बसलेला असतो आणि कितीही धुतला तरी तो पूर्ण निघत नाही.

जागा मात्र अशी हवी की मागचा रेडिएटरचा पंखा त्या कूलरमधून हवा ओढेल. म्हणजे कंडेन्सरच्या समोर, पंख्याच्या घेरात, अर्धा-पाऊण इंच अंतर सोडून. बंपरच्या कोपऱ्यात किंवा चेसीखाली लावलेला कूलर हायवेवर चालतो पण रांगताना काही करत नाही. तिथेच लावायचा असेल तर स्वतःचा पंखा हवा, रिले आणि फ्यूजसकट, आणि खोल पाण्यात उतरण्याआधी तो बंद करायचं बटण हवं. फिरता पंखा पाण्यात बुडाला की पाती तुटतात.

कूलरसोबत कधीकधी प्लॅस्टिकच्या काड्या येतात, जाळीतून आरपार घालून अडकवायच्या. त्या वापरू नका. ओबडधोबड रस्त्यावर कूलर हलतो, काडी पातीवर घासते आणि काही महिन्यांत कंडेन्सरला भोक पडतं. दोन पट्ट्या वाकवून वरच्या आणि खालच्या आडव्या सपोर्टला रबर बुशावर बसवा. भोकं पाडण्याआधी एअरबॅगचा पुढचा सेन्सर कुठे आहे ते नक्की बघा, बऱ्याच गाड्यांत तो याच सपोर्टवर असतो. कूलरची तोंडं वर किंवा बाजूला ठेवा. खाली ठेवली तर आत हवा अडकते.

नळीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण इथे मी स्वतः चुकलोय. सुरुवातीच्या एका गाडीला मी कुलंटची चांगली जाड नळी वापरली. दिसायला भक्कम. सहा महिन्यांनी आंबा घाटातून फोन आला. क्लिपजवळ नळी आतून फुगून मऊ झाली होती, दाबली तर ओल्या कणकेसारखी लागत होती, आणि क्लिपच्या काठाने तिला अर्धवट कापलं होतं. तीन-चार लिटर ऑईल रस्त्यावर गेलं. गिअरबॉक्स वाचला तो चालकाने वेळेत गाडी थांबवली म्हणून. तेव्हापासून ट्रान्समिशन ऑईलसाठीच बनवलेली नळी, एसएई जे 1532 असा शिक्का असलेली, तीच वापरतो. डिझेलची नाही, कुलंटची नाही, हायड्रॉलिकचा उरलेला तुकडाही नाही. नळीचा आतला व्यास मूळ पाइपाइतकाच ठेवा.

क्लिप भोकांच्या पट्टीची नको, त्या भोकांत रबर घुसून कापलं जातं. सपाट आतल्या बाजूची, इंजेक्शन क्लिप म्हणतात ती घ्या. पाइपाच्या टोकाला उंचवटा काढलेला असलाच पाहिजे. साध्या गुळगुळीत पाइपावर नुसत्या क्लिपच्या जिवावर नळी टिकत नाही. आणि शक्य असेल तर कंपनीचा लोखंडी पाइप कापूच नका, जोडाच्या ठिकाणी अ‍ॅडॉप्टर घाला, म्हणजे उद्या सगळं मूळ स्थितीत आणता येईल. वॉरंटी शिल्लक असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. सर्व्हिस सेंटरला कूलरबद्दल आधी लेखी विचारा, तोंडी होकारावर जाऊ नका. कापावाच लागला तर पाइप कटरने कापा, हॅक्सॉने नाही. हॅक्सॉचा कीस ऑईलबरोबर व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑईलच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या ठोकळ्यात, जातो आणि तिथल्या केसाएवढ्या फटीत अडकला की गिअर झटके द्यायला लागतात.

नळ्या एक्झॉस्टपासून लांब न्या, पत्र्यातून जाताना रबर ग्रोमेट घाला, चेसीच्या आडव्या दांड्यापेक्षा खाली लोंबू देऊ नका. इंजिन माउंटवर हलतं, तेवढी ढील ठेवा.

कूलर आणि नळ्या भरायला जादा ऑईल लागेल, किती ते तुमच्या कूलरवर अवलंबून आहे, बहुतेक वेळा अर्धा लिटरच्या आसपास. पुस्तकात लिहिलेल्या प्रकाराचंच घाला. "लाल ते सगळं एकच" असं समजू नका. पातळी मोजायची पद्धत इथे नीट पाळा. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. गाडी सपाट लिफ्टवर, इंजिन चालू, प्रत्येक गिअरमधून एकदा लिव्हर फिरवून, ऑईल पुस्तकात दिलेल्या तापमानाला असताना खालचा बोल्ट उघडायचा आणि धार थेंबांवर आली की बंद करायचा. गरम ऑईल फुगतं, म्हणून 80 अंशांना मोजलं तर पातळी बरोबर वाटेल आणि प्रत्यक्षात कमी भरेल. बोल्टचा वॉशर नवा टाका. काढलेलं ऑईल कॅनमध्ये भरून जुनं ऑईल घेणाऱ्याला द्या. गटारात ओतलं की ते पंचगंगेतच जातं.

बसवल्यावर त्याच चार ठिकाणी तापमान पुन्हा मोजा, त्याच वहीत, जमल्यास तेवढ्याच वजनाने. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत घाटात दहा ते वीस अंशांचा फरक पडतो. काहीच फरक पडला नाही तर बहुतेक वेळा क्रम उलटा जोडलेला असतो किंवा कूलर पंख्याच्या घेराबाहेर असतो. शंभर किलोमीटरनंतर क्लिपा एकदा बघा, आणि चिखलातून आल्यावर त्याच संध्याकाळी, माती ओली असतानाच, जाळीवर साधं पाणी सोडा. गिअरबॉक्सच्या ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या तोंडाची, नळीही वर नेलेली आहे ना ते याच वेळी तपासून घ्या. तापलेला गिअरबॉक्स ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर तिथूनच पाणी आत ओढलं जातं.